नऊ कप्प्यांतली हलकी

ओतकारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला हजेरीचं यंत्र होतं आणि त्याच्या शेजारी एक काळा फळा. फळा मुळात सुरक्षेच्या सूचनांसाठी लावलेला. पण ‘हेल्मेट घाला’ हे एकदा लिहून झालं की रोज नवीन काय लिहिणार? तो रिकामा पडून राहिला, आणि रिकामी जागा दिसली की माल तपासणाऱ्या तपासनीसाच्या हाताला खाज सुटायची. एका सोमवारी त्याने त्यावर खडूने एक कोडं लिहिलं. त्या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली होती, आणि तपासनीसाला त्याच्या नावाने हाक मारणारं कारखान्यात कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांचा तो कोडेकाका.

सोमवारी कोडं, शनिवारी उत्तर, असा नेम. उत्तर म्हणजे नुसता शेवटचा आकडा नव्हे. पायरी पहिली, पायरी दुसरी, म्हणून हे, म्हणून ते, आणि तळाशी ‘पडताळा’ असं लिहून त्याखाली दोन रेघा. जुनीच कोडी असायची, जगभर फिरून गुळगुळीत झालेली, पण भट्टीवरच्या माणसांना ती रुचतील अशी तो करून द्यायचा. त्या आठवड्याचं कोडं असं होतं: तीन डबे आहेत. एकात नट, एकात बोल्ट, एकात दोन्ही मिसळलेले. तिन्हींवर चिठ्ठ्या आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. कुठल्याही एकाच डब्यातून, आत न बघता, एकच वस्तू काढायची आणि तिन्ही डबे ओळखायचे.

शनिवारी सकाळी त्याने उत्तर लिहिलं. ‘दोन्ही’ अशी चिठ्ठी असलेल्या डब्यात हात घाला. चिठ्ठी खोटी आहे, म्हणजे त्यात दोन्ही नाहीत, एकच काहीतरी आहे. हाताला नट लागला तर तो नटांचा डबा. आता ‘बोल्ट’ लिहिलेल्या डब्यात नुसते बोल्ट असू शकत नाहीत, नट तर सापडलेच, तेव्हा त्यात दोन्ही. उरलेला बोल्टांचा. बोल्ट लागला तर याच चालीने उलट.

“काका, एक विचारू?” घण चालवणारा पहिलवान फळ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभा होता. “समजा, एखादी चिठ्ठी चुकून बरोबर लागली असली तर?”

“तिन्ही चुकीच्या आहेत असं कोड्यातच सांगितलंय.”

“ते झालं हो. पण सांगणाराच चुकला असला तर?”

“मग ते कोडं नाही, भानगड,” कोडेकाका म्हणाला, आणि सगळे हसले. पहिलवानही हसला, पण त्याचं काही समाधान झालेलं दिसलं नाही.

त्याच दिवशी साडेअकराच्या सुमाराला साचेवाला कोडेकाकाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा माणूस वाळूचे साचे दाबून बसवायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतलं जायचं. त्याच्या तोंडावर बारा वाजलेले.

“काका, परवाच्या खेपेतला एक साचा ओला होता. छपरातून पाणी ठिबकलं असणार. मला ओतून झाल्यावर दिसलं. म्हटलं, सांगावं.”

साचा ओला राहिला की लोखंड ओतताना वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती आतच पोकळी धरून बसते. वरून वस्तू गुटगुटीत, आतून पोकळ. आणि परवाची खेप होती कप्प्यांची, ज्यांच्यावरून दोर सरकतो त्या लोखंडी चाकांची. इमारती रंगवणारे लोक गच्चीवरून दोरांनी पाळणा सोडतात, त्यात उभे राहून भिंत रंगवतात. पाळण्याच्या दोन टोकांना दोन दोर, दोन दोरांना दोन कप्प्या. पोकळ कप्पी आज धरेल, उद्या धरेल, आणि एक दिवस धरणार नाही.

“कुठला साचा?”

“आता कसं सांगू? नऊच्या नऊ घासून, रंगवून आल्या. सगळ्या सारख्याच दिसतात.”

“एकच ओला होता ना?”

“मी एकच बघितला.”

कोडेकाकाचे डोळे चमकले. खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. नऊ सारख्या दिसणाऱ्या वस्तू, त्यातली एक हलकी. हे कोडं त्याने फळ्यावर चार वेळा लिहिलं होतं, चार वेळा सोडवून दाखवलं होतं, आणि सव्वीस वर्षांत एकदाही ते असं चालत त्याच्या टेबलाशी आलं नव्हतं.

ताण देऊन तपासायचं यंत्र पंधरा दिवस दुरुस्तीला गेलं होतं. दाराशी ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवून आपण जिवंत असल्याचं कळवत होता. माल पाठवायचं काम कोडेकाकाच्या बायकोची भाची बघायची. ती हातातले कागद सावरत आली. काय झालं ते ऐकल्यावर म्हणाली, “मग काका, त्या आकड्याच्या काट्यावर ठेवा की एकेक. पाच किलोच्या वस्तू आहेत, पोकळ असेल ती शे-दोनशे ग्रॅमने कमी भरेल. नऊ कप्प्या, दहा मिनिटं.”

“नऊ वेळा तोलायचं? अगं, दोन वेळा पुरे.”

“पण नऊ वेळा तोललं तर बिघडतं काय?”

“बिघडत काही नाही. पण मग त्यात डोकं कुठं लागलं?”

एवढं एक वाक्य. पुढे ते वाक्य त्याला जेवताना आठवायचं, दाढी करताना आठवायचं आणि घास तोंडात फिरायचा.

कोठारातला जुना दोन पारड्यांचा तराजू बाहेर आला. बातमी पसरली तसे भट्टीवरचे आले, घासणीवरचे आले, ड्रायव्हरही हॉर्न सोडून आला. कोडेकाकाने खडूने कप्प्यांवर एक ते नऊ आकडे घातले. बाह्या वर केल्या. मैफिलीत गवयाने करावं तसं एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं.

“तीन-तीनचे तीन गट. पहिला गट या पारड्यात, दुसरा त्या. तिसरा खाली. हलकी कप्पी पहिल्यात असेल तर हे पारडं वर जाईल. दुसऱ्यात असेल तर ते. आणि दोन्ही समान राहिली तर?”

“तर खालच्या तिनात!” तीन-चार जण एकदम ओरडले. सव्वीस वर्षांची शिकवण होती ती.

पारडी हलली, डुलली आणि समान राहिली.

“म्हणजे या सहा निर्दोष. बाजूला ठेवा. आता उरल्या सात, आठ, नऊ. सात या पारड्यात, आठ त्या. नऊ खाली.”

पारडी पुन्हा समान.

“म्हणजे?”

“नऊ!” सगळा कारखाना ओरडला. टाळ्या पडल्या. भाचीनेही वाजवल्या. पहिलवानाने काकाची पाठ अशी थोपटली की त्याचा चष्मा नाकावरून घसरला. नऊ नंबरची कप्पी उचलून मोडीच्या ढिगात टाकली गेली, बाकीच्या आठांवरचे आकडे फडक्याने पुसले गेले, आठ कप्प्या खोक्यात बसल्या आणि ट्रक गेला. सगळं मिळून सहा मिनिटं. नऊ नंबरची कप्पी काट्यावर ठेवून बघावी असं कुणाच्या मनात आलं नाही. फळ्याच्या तळाशी दर शनिवारी ‘पडताळा’ लिहिणाऱ्याच्याही नाही.

रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी मोडीचा माल फोडून भट्टीत टाकायची पद्धत होती. कोडेकाका मुद्दाम तिथे गेला. पोकळी बघायची होती, आणि जमलं तर तो तुकडा आठवण म्हणून टेबलावर ठेवायचा होता. पहिलवानाने घण घातला. कप्पीचे दोन तुकडे झाले. आतून लोखंड सगळीकडे सारखं, राखाडी, भरीव.

“अजून फोड.”

चार झाले. आठ झाले. पहिलवान थांबला, घाम पुसला.

“काका, आता पीठच करायचं राहिलं. हिच्यात काही नाही. ही चांगली होती.”

कोडेकाका वाकून तुकडे उचलत होता. ते त्याने काट्यावर नेऊन ठेवले. काट्याने दाखवलं, पाच किलोला अगदी चिमूटभर कमी. ती चिमूट घणाखाली उडाली असणार.

मग त्याला दिसलं. असं दिसायला वेळ लागत नाही, आणि दिसलं की डोळे मिटूनही जात नाही. एकच कप्पी हलकी असती आणि ती नववी नसती, तर शनिवारी कधी ना कधी एक पारडं वर गेलंच असतं. गेलं नाही. मग पारडी समान कशी राहिली? एकाच प्रकारे. दोन्हीकडे एकेक हलकी होती. दोष दोषाला तोलून बसला, आणि त्याने त्या दोघींना निर्दोष म्हणून टाळ्यांच्या गजरात पाठवून दिलं. वर एक धडधाकट कप्पी मोडीत काढली. साचेवाला म्हणाला होता, मी एकच बघितला. एकच होता असं तो म्हणालाच नव्हता. ते वाक्य कोडेकाकाने स्वतःच पूर्ण करून घेतलं होतं, कारण कोड्यात एकच असते.

तो मोडीच्या ढिगावरच बसला.

मालक तरुण होता, वडिलांच्या मागे कारखाना सांभाळत होता, आणि माणूस वाईट नव्हता. ऐकल्यावर त्याने आरडाओरडा केला नाही. “काका, गाडी घ्या, ताईला घ्या, तो छोटा काटा घ्या, आणि आठच्या आठ परत आणा. दुकानदाराशी मी फोनवर बोलतो.” ताई म्हणजे भाची. अर्ध्या तासात ती, कोडेकाका आणि ड्रायव्हर बांधकामाच्या सामानाच्या दुकानात उभे होते.

खोक्यात चार कप्प्या शिल्लक होत्या. कोडेकाकाने एकेक काट्यावर ठेवली. पाच. पाच. चार किलो आठशे वीस.

“सापडली!” भाचीने त्याचा दंड गच्च धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“एक सापडली,” तो म्हणाला. चौथी पाच भरली.

गेलेल्या चारांपैकी दोन एका ठेकेदाराने नेल्या होत्या. त्याच्या गोदामात त्या कागदात गुंडाळलेल्याच होत्या. पाच, पाच. उरल्या दोन. त्या एका रंगाऱ्याने नेल्या होत्या, आणि तो कुठे काम करतोय हे दुकानदाराला नशिबाने ठाऊक होतं: दवाखान्याच्या मागची सहा मजली इमारत.

गणित आता लख्ख होतं. हलक्या दोन, सापडली एक, तपासायच्या राहिल्या दोन. त्या दोनांतच ती.

गाडी इमारतीपाशी थांबली तेव्हा पाळणा पाचव्या मजल्यावर होता. त्यात दोन माणसं, एक जाडा, एक बारीक, आणि रंगाची बादली. बारीक माणूस गुणगुणत ब्रश चालवत होता. कोडेकाका गाडीतून उतरला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “हलू नका!”

“काय?” वरून आवाज आला.

“हलू नका! कप्पी खराब आहे!”

“मग उतरू का?”

उतरायचं म्हणजे दोर कप्पीवरून सरकणार, कप्पी फिरणार. वर जायचं तरी फिरणार. जागच्या जागी थांबायचं, तरी दोन माणसांचा भार तिच्यावरच. खिडक्यांना जाळ्या होत्या. कोडेकाकाने आयुष्यभर नावेतून वाघ, शेळी आणि गवत पैलतीराला नेलं होतं, कागदावर, कुणाला आधी, कुणाला नंतर, सात फेऱ्यांत, कुणी कुणाला न खाता. इथे एकही फेरी सुचेना.

“अहो काका, उतरू की नको ते सांगा ना!”

“हळू!” भाचीच ओरडली. “अगदी हळू उतरा! धक्का देऊ नका!”

पाळणा उतरू लागला. चौथा मजला. कोडेकाका वर बघत होता आणि त्याला काहीही करता येत नव्हतं. धावता येत नव्हतं, धरता येत नव्हतं, हिशोबसुद्धा करता येत नव्हता. तिसरा. पाळण्याचं एक टोक किंचित कलंडलं, बादलीतला रंग हिंदकळला, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की रस्त्यावरून जाणारी बाई थांबून बघू लागली. दुसरा. बारीक माणसाने गुणगुणणं सोडलं होतं. पहिला. मग जमीन.

रंगाऱ्याने, म्हणजे त्या जाड्या माणसाने, शिव्या देत देत गच्चीवर जाऊन दोन्ही कप्प्या सोडवून आणल्या. कोडेकाकाने पहिली काट्यावर ठेवली. पाच. दुसरी ठेवली, पण ठेवल्यावर तिच्यावरचा हात काढलाच नाही, त्यामुळे आकडा स्थिर होईना. भाचीने त्याचा हात हळूच बाजूला केला. आकडा थांबला. पाच.

“आठ झाल्या!” ड्रायव्हर म्हणाला. “आठच्या आठ! सुटलो बुवा.” त्याने लगेच मालकाला फोन लावला. भाची रंगाच्या एका उलट्या डब्यावर बसली आणि तिने डोक्यावरचा हात खाली घेतला.

कोडेकाका मात्र काट्याकडे बघत उभा होता.

“दुसरी हलकी कुठाय?”

“काका, आठ होत्या, आठ मिळाल्या.”

“हो गं. पण हलक्या दोन होत्या. एकच मिळाली.” तो रंगाऱ्याकडे वळला. “या दोन्ही तुम्ही एकदमच आणल्या?”

“आणल्या शनिवारी एकदमच. पण त्यातली एक फिरताना गचके खायची. काल बदलून घेतली.”

“कशाशी बदलून?”

“दुकानात फळीवर जुनी एक पडली होती ना, ती दिली. कारखाना तोच, रंगही तोच. फरक काय पडतो?”

भाची डब्यावरून उठली. तिला कळलं होतं. आठांतली एक आठांतली नव्हतीच.

ते पुन्हा दुकानात आले तेव्हा दुकानदार वैतागला होता. “बदलली असेल. रोज दहा वस्तू बदलून देतो मी. परत आलेली? फळीवरच टाकली असणार.” फळी रिकामी होती. “सुटी एक आज सकाळीच गेली. कुणी नेली? नेली कुणीतरी. डोक्यावर हेल्मेट, हातात पिशवी, रोख दिले आणि गेला. आता गिऱ्हाइकाचं तोंड न्याहाळत बसू का मी?”

“पुन्हा आला तर ओळखाल?”

“हेल्मेट ओळखेन,” दुकानदार म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

संध्याकाळी मालकाच्या खोलीत आठ कप्प्या टेबलावर मांडलेल्या होत्या. मालकाने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सबुरीने म्हणाला, “काका, आठ पाठवल्या, आठ आल्या. साचा एक ओला होता, पोकळ कप्पी एक निघाली. सगळं जुळतंय. आता कशाला उकरून काढताय?”

“एकच पोकळ असती तर शनिवारी तराजू झुकला असता.”

“तो तराजू माझ्या आजोबांच्या वेळचा आहे. अडकला असेल.”

“मी आता बघून आलो. पन्नास ग्रॅम टाकले तरी झुकतो. ही एकशेऐंशीने कमी आहे.”

“आता झुकतो. शनिवारी अडकला असेल.”

“दोन्ही वेळा?”

“रंगाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? दुकानदार तर म्हणतो, त्याला नक्की आठवतही नाही.”

“मालक, मी तुम्हाला पायरी-पायरीने दाखवतो.” त्याने खिशातून कागद काढला. गाडीत बसून लिहिला होता. “नववी भरीव निघाली, ही झाली पहिली पायरी. त्यावरून...”

“काका.” मालकाने कागदावर तळवा ठेवला. “शनिवारीही तुम्ही असंच पायरी-पायरीने दाखवलं होतं ना? सगळ्यांसमोर. नववीच हलकी म्हणून. तेव्हाही एक पायरी चुकीची नव्हती.”

त्या दिवशीचा तर्क बरोबर होता आणि निकाल खोटा. आजचाही तर्क बरोबर होता. ऐकणाऱ्याने फरक कशावरून ओळखायचा? कोडेकाका मालकाच्या जागी असता तर त्यानेही कागदावर हात ठेवला असता. त्याचं त्यालाच हे पटलं, आणि त्याने कागद ओढून पुन्हा खिशात घातला.

मालकाने बाकी सगळं केलं. छप्पर दुरुस्त केलं. ताणाचं यंत्र आठवड्याभरात परत आणवलं. यापुढे प्रत्येक कप्पीवर आकडा कोरायचा असा नियम काढला. कोडेकाकाला एक शब्द लागेलसा बोलला नाही. साचेवाल्याला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, “दुसरा ओला असेलही, नसेलही. मी शेजारचे उचलून बघितलेच नाहीत.” एवढ्यावर ते प्रकरण कारखान्यापुरतं मिटलं.

कोडेकाका सरकारी कचेरीत गेला. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज मागेपुढे करून बघितला.

“पडलंय का कुणी?”

“नाही.”

“जखमी?”

“अजून नाही. म्हणून तर आलोय.”

“मग तक्रार कुणाची?”

“माझी.”

“कुणाविरुद्ध?”

“माझ्याच.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. वाईट वाटलं असावं त्यांना. “काका, तसला नमुनाच नाही आमच्याकडे. काही झालं तर या,” असं म्हणून त्यांनी अर्ज परत केला.

त्याने हाताने नोटीस लिहिली: लाल रंगाची सुटी कप्पी सोमवारी सकाळी विकत घेणाऱ्याने ती वापरू नये, खालील पत्त्यावर आणावी, नवी मोफत मिळेल. दुकानदाराने ती दाराला लावली आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकली, कारण लोक ती वाचून दुसरा मालही घेईनात. इतर दुकानांनी तर लावलीच नाही. मग कोडेकाका कारखाना सुटल्यावर रस्ते धरून हिंडू लागला. पाळणा लोंबताना दिसला की खाली उभं राहायचं, माणसं उतरेपर्यंत थांबायचं आणि मग पिशवीतून छोटा काटा काढायचा. काही जण तोलू देत. काही जण हाकलून देत. एकाने विचारलं, “काका, शहरात पाळणे किती असतील, काही अंदाज?” अंदाज होता. त्याने तो काढला होता. रोज तीन बघून झाले तर चार वर्षं लागतील, आणि तोवर प्रत्येक पाळणा जागचा हलला नाही तर.

भाची चार-पाच संध्याकाळी त्याच्याबरोबर आली. सहाव्या संध्याकाळी एका इमारतीखाली उभी असताना म्हणाली, “काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे. ती कप्पी आहे. पण आपल्या हातात काय आहे, सांगा ना.”

“काही नाही.”

“मग?”

“मग काही नाही. तू जा घरी, मुलं वाट बघत असतील.”

ती गेली. त्याला राग आला नाही. तिने त्या शनिवारी दहा मिनिटं मागितली होती, याहून जास्त तिच्याकडून काय हवं होतं त्याला?

फळा कोरा राहिला. दुसऱ्या सोमवारी पहिलवानाने खडू आणून कोडेकाकाच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. त्या खडूला कोडेकाकाने हात लावला नाही.

घरी आता सकाळी एक नवीन काम सुरू झालं होतं. पेपर आला की तो आधी आतलं पान उघडायचा, जिथे अपघाताच्या छोट्या छोट्या बातम्या असतात. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायचा. बायको चहाचा कप ठेवून त्याच्यासमोर बसायची. चौतीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकच गोष्ट कधी करताना पाहिलं नव्हतं: आपलं चुकलं असेल, असं म्हणताना. भाजीच्या पिशवीपासून लेकीच्या लग्नापर्यंत.

“आहे काही?” तिने विचारलं.

“नाही.”

“तीन आठवडे झाले. दुसरी हलकी कप्पी असती तर एव्हाना काही कानावर आलं असतं. मला वाटतं, तुमचंच कुठेतरी चुकलंय.”

“चुकलं असू दे.” त्याने पेपर खाली ठेवला. “बस जरा. ऐक, आणि कुठं चुकतंय ते सांग. तुला काहीही खटकलं तरी सांग.”

तिने चहा बाजूला सारला. त्याने पेपराच्या कडेला नऊ रेघा ओढल्या. पहिल्या तीन, दुसऱ्या तीन, तिसऱ्या तीन. तो हळूहळू सांगत होता आणि प्रत्येक पायरीनंतर थांबून तिच्या तोंडाकडे बघत होता, गुरुजींनी आपली वही तपासताना पोराने बघावं तसा. तिने दोनदा शंका काढली. दोन्ही वेळा तो उत्साहाने मागे गेला, पुन्हा पहिल्यापासून आला. दोन्ही वेळा शंका फिटली. शेवटच्या ओळीवर येऊन तो थांबला.

“आता?” बायकोने विचारलं.

“हलक्या दोनच येतात,” तो म्हणाला, आणि त्याने पेपराच्या दुसऱ्या कडेला पुन्हा नऊ रेघा ओढायला घेतल्या.